व्हेनिसमध्ये एकच दिवस, आईचे गुडघे आणि गर्दी नको: कन्नारेजो कसं आहे?

चाकोरीबाहेर लिहितात:

नमस्कार मंडळी. पाडवा घरी करून त्याच रात्री निघतोय. मी, बायको, मुलगी (वय ९) आणि आई (वय ७१). ११ नोव्हेंबरला दुपारी मेस्त्रेच्या (व्हेनिसचंच जमिनीवरचं उपनगर) हॉटेलात पोहोचू, १२ तारीख पूर्ण व्हेनिससाठी, १३ ला सकाळी फ्लोरेन्सची गाडी.

सान मार्कोचा चौक आणि रियाल्तो मी ऑफिसच्या कामाने गेलो होतो तेव्हा पाहिलेत. आईला तिथे न्यायची माझी इच्छा नाही. तिला गर्दीत धाप लागते आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत इथवर आणलंय. तिची फर्माईश साधी आहे: "पाण्यातलं गाव आहे म्हणतात, तर तिथली माणसं राहतात कशी ते दाखव. देवळंबिवळं एखादं पुरे."

शोधल्यावर कन्नारेजो नावाचा उत्तरेकडचा भाग सगळे सुचवतात. पण जो तो "हरवून जा, नकाशा बंद करा" एवढंच सांगतो. एकाहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन हरवायचं कसं? प्रत्येक चुकलेल्या वळणावर एक पूल, प्रत्येक पुलाला पायऱ्या. तर कोणी तिथे राहिलंय का? अर्ध्या-पाऊण दिवसात कमीत कमी पूल चढून काय होईल? शिवाय आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

---

बापूसाहेब लिहितात:

एवढा खर्च करून व्हेनिसला जायचं आणि लोकांच्या दोरीवरचे कपडे बघून यायचं? आईंना डोजचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा दाखवा. वयस्कर माणसाला पुन्हा जाणं होत नसतं. आणि शहरात शिरायला आता माणशी १० युरोपर्यंत प्रवेश फी घेतात, ती आधी ऑनलाइन भरा, नाहीतर दंड.

---

सेन्साकाठची लिहितात:

बापूसाहेब, फीचं आधी निस्तरते म्हणजे चाकोरीबाहेर उगाच कार्ड काढून बसायचे नाहीत. ती २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी ती एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांनाच होती, तीही सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांसाठी. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथल्या हॉटेलात राहणाऱ्याला फी माफ असते. निघण्याआधी पालिकेच्या साइटवर त्या वर्षीच्या तारखा एकदा बघून घ्या, बस.

आता मुद्द्याचं. मी मूळची नारायण पेठेतली. कन्नारेजोतल्याच सान ज्योब्बेला, जुन्या कत्तलखान्याच्या इमारतींमध्ये तिथल्या विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा विभाग आहे, तिथे संशोधनाला होते. राहायला सेन्सा कालव्याच्या काठी, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी आईही येऊन राहिली होती, तिचेही गुडघे तुमच्या आईंसारखेच. त्यामुळे हे उत्तर पुस्तकी नाही.

कन्नारेजोच का, ते आधी सांगते. व्हेनिसचा बाकी भाग म्हणजे गल्ल्यांचा गुंता. इथे मात्र उत्तरेला तीन लांब कालवे जवळजवळ समांतर आहेत: मिझेरिकॉर्दिया, सेन्सा आणि मादोन्ना देल्ल'ऑर्तो. तिघांच्याही काठाने फरसबंदी रस्ते आहेत, त्यांना फोन्दामेन्ता म्हणतात. सरळ, सपाट, ऊन येणारे. आडवा कालवा आला की पूल लागतोच, पण दोन पुलांच्या मध्ये चांगलं लांब चालता येतं. तुमच्या आईंना हरवायची गरज नाही, एका काठाने चालत राहायचं.

स्टेशनवरून पायी निघू नका. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की सगळी गर्दी डावीकडे वळते आणि पुढे स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्याने रियाल्तोकडे वाहत जाते. हा रस्ता १८७१ च्या सुमाराला घरं पाडून काढला, म्हणून त्या शहरात तो उपऱ्यासारखा दिसतो. ते टाळा. स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून वापोरेत्तो, म्हणजे तिथली प्रवासी बोट, घ्या. ४ आणि ५ क्रमांकाच्या, बाहेरून फेरी मारणाऱ्या बोटी कन्नारेजोच्या मोठ्या कालव्यातून जातात. वाटेत त्रे आर्की लागतो, तीन कमानींचा पूल. शहरात तीन कमानी असलेला तेवढा एकच उरलाय, आणि बोट त्याच्या खालून जाते. मुलीला पुढच्या बाजूला उभं करा. पूल संपला की एकदम उघडी खाडी. सांत'अल्वीझे सोडून पुढच्या "ऑर्तो" थांब्यावर उतरा. तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. दिवसभराचा पास २५ युरोचा आहे. तुम्ही संध्याकाळी आणखी दोनदा बोटीत बसणार असाल तर पासच घ्या. धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट टेकवायला विसरू नका.

थांब्यापासून देऊळ दोन-तीन मिनिटांवर, मध्ये पूल नाही. आईंनी "देवळंबिवळं एखादं" म्हटलंय ना, ते हेच करा: मादोन्ना देल्ल'ऑर्तो हे चर्च. विटांचं, समोर जुनी विटांचीच फरसबंदी, माशाच्या काट्यासारखी रचलेली. तिंतोरेत्तो हा चित्रकार याच वस्तीतला, इथेच पुरलाय, त्याची मुलं मारिएत्ता आणि दोमेनिको, तीही चित्रं काढायची, त्याच्याशेजारी. वेदीच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन चित्रं आहेत, चौदा मीटरहून उंच. एकात सोन्याच्या वासराची पूजा, दुसऱ्यात कयामतीचा दिवस आणि लोंढ्यात वाहून जाणारी माणसं. माझ्या आईला दुसरं बघवलं नाही. तिला आवडलं ते तिसरं: उंच पायऱ्या एकटीच चढून देवळाकडे निघालेली छोटी मारिया, पुढे येशूची आई झाली ती. "हिचे गुडघे चांगले आहेत" म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून राहिली. डावीकडच्या एका लहान चॅपेलमध्ये बेल्लिनी या चित्रकाराचं मादोन्नाचं, म्हणजे मारियाचं, चित्र होतं, ते १९९३ मध्ये चोरीला गेलं, परत मिळालेलं नाही. त्याच्या जागी फोटो लावलाय. प्रवेशाला थोडं तिकीट आहे आणि प्रार्थनेच्या वेळी फिरू देत नाहीत.

बाहेर आल्यावर कालव्यापलीकडच्या घराच्या भिंतीकडे बघा. ओझं लादलेला उंट कोरलाय, त्याला ओढणारा माणूसही आहे. मास्तेल्ली नावाच्या व्यापारी भावांचं हे घर. मग पूल ओलांडा, आणि याच घराच्या मागच्या अंगाला छोटा चौक लागेल, काम्पो देई मोरी. पगडीवाले दगडी पुतळे भिंतीत उभे आहेत. कोपऱ्यावरच्याचं नाव रियोबा, नाक लोखंडी. व्यापारात लबाडी केली म्हणून हे भाऊ दगड झाले अशी गोष्ट सांगतात. नाकाला हात लावला की पैसा येतो असंही म्हणतात. मी रोज लावायची, शिष्यवृत्ती वाढली नाही. २०१० मध्ये कोणीतरी या रियोबाचं डोकंच पळवलं होतं, काही दिवसांत सापडलं आणि परत बसवलं. तिथून वळलात की सेन्साच्या काठावर तिंतोरेत्तोचं घर, भिंतीवर पाटी आहे. १५९४ मध्ये तो याच घरात वारला. आत राहती माणसं आहेत, बाहेरून बघून पुढे व्हा.

इथून पश्चिमेला, सेन्साच्या काठाने सावकाश. आईंना हवं असलेलं व्हेनिस या पट्ट्यात आहे. पण वेळ महत्त्वाची, ते कोणी सांगत नाही. दुपारी दोनला इथे कुत्रंही नसतं, मग लोक "शांत आहे" म्हणून फोटो काढून जातात. सकाळी साडेआठ-नऊला या. तेव्हा कचरेवाले हातगाड्या ढकलत दारोदार फिरत असतात, बेल वाजवतात, बायका पिशवी घेऊन खाली येतात. पिशवी रात्रभर दाराबाहेर ठेवायची सोय नाही, उंदीर आणि समुद्रपक्षी फाडतात. मग काठाला मालाच्या बोटी लागतात. किराणा, बाटल्यांचे क्रेट, धुलाई यंत्र, सिमेंटच्या गोण्या, कुरियरची खोकी, सगळं बोटीने येतं, आणि शेवटचा टप्पा हातगाडीने. पुलाच्या पायऱ्यांवरून भरलेली गाडी चढवताना बघणं हा मुलीसाठी खरा खेळ. त्या गाड्यांना पुढे दोन छोटी जादा चाकं असतात, पायरीवर टेकवायला. माझं कपाट असंच आलं होतं, आणणाऱ्यांनी बोटीपेक्षा माझ्या दोन मजल्यांचेच जास्त पैसे लावले.

दुसरी वेळ संध्याकाळी साडेचारची. शाळा सुटलेली असते, मुलं चौकात चेंडू खेळतात, आज्या बाकांवर. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो हे लक्षात ठेवा.

पत्त्यांवरून गोंधळू नका. घर क्रमांक रस्त्याला नाही, अख्ख्या कन्नारेजोला मिळून एकच माळ आहे, काही हजारांपर्यंत जाणारी. आपल्याकडे पेठेतला जुना घर नंबर कसा असतो, ११०० च्या शेजारी ६३२ निघतो, तसंच. कोणी नुसता नंबर दिला तर जवळची गल्ली आणि पूलही विचारून घ्या.

पुढे एक पूल ओलांडून ऑर्मेझीनीच्या काठावर या, तिथून लोखंडी पुलावरून घेत्तो नुओव्होत. १५१६ च्या मार्चमध्ये व्हेनिसच्या सिनेटने शहरातल्या ज्यूंना या बेटावर राहायचा हुकूम काढला. रात्री फाटकं बंद, पाण्यात पहारेकऱ्यांच्या बोटी, आणि त्या पहाऱ्याचा खर्चही ज्यूंनीच भरायचा. फाटकं निघाली ती १७९७ मध्ये, नेपोलियनचं सैन्य आल्यावर. मधल्या काळात माणसं वाढली, जागा नाही. म्हणून इथली घरं सात-आठ मजल्यांची झाली, आणि छत इतकं खाली की खिडक्यांच्या रांगा एकमेकींवर चढल्यासारख्या वाटतात. मुलीला शेजारच्या इमारतीशी मजले मोजून बघायला सांगा. वरच्या मजल्यावर एका ओळीत पाच मोठ्या खिडक्या दिसल्या की ते १५२८ चं जर्मन ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ. एका भिंतीवर १९४३-४४ मध्ये पकडून नेलेल्यांच्या स्मरणार्थ कांस्याचे फलक आहेत. तिथे खिदळत सेल्फी काढणारे भेटतील, दुर्लक्ष करा. चौक मोठा आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. आईंनी इथे अर्धा तास बसावं. मागे घेत्तो वेक्कियोच्या गल्लीतून बाहेर पडलात की गूलिए पुलाशी वापोरेत्तोचा थांबा.

सगळं मिळून पाच-सहा पूल. पायऱ्या बुटक्या असतात, पण त्यांच्या कडेचा पांढरा दगड ओला असला की साबणासारखा. चढताना नाही, उतरताना आईंचा हात धरा.

---

चाकोरीबाहेर लिहितात:

ताई, साष्टांग. एवढं कोणी सांगत नाही. आईला वाचून दाखवलं, तिला मारियाची गोष्ट फार आवडली आणि आता ती म्हणते देवळात नुसतं बघून निघणं नको, बसायचंच आहे. दोन शंका: १) नोव्हेंबरात पाणी चढतं म्हणतात, गमबूट घ्यायचे का? २) बाथरूमची सोय? आईचा खरा प्रश्न हाच आहे, गुडघा नंतर.

---

दोन_चपात्या लिहितात:

खाण्याचं मी सांगते, इटलीत तीन वर्षं जैन सासूबाईंना सांभाळलंय.

बाकारोत, म्हणजे छोट्या बारमध्ये, काउंटरवर पावाच्या तुकड्यांवर चिकेत्ती, म्हणजे तोंडी लावायचे छोटे पदार्थ, मांडलेले असतात. दिसायला गोंडस, पण पांढरं लोणी वाटतं ते बहुतेक वेळा सुकवलेल्या कॉड माशाचं वाटण असतं (बाकाला मान्तेकातो), आणि कांदा-मनुकांखाली सार्डिन लपलेले. गोल वड्यांसारखे पोल्पेत्ते बहुधा मांसाचे. आईंना चालतील ते आर्टिचोकचे गड्डे, भाजलेली वांगी. नोव्हेंबरात त्रेव्हीझोचं लांब लाल रादिक्कियो येतं, कडवट असतं, पण भाजून छान. रिझोत्तो मागवलात तर "ब्रोदो वेजेताले?" विचारा, रस्सा बऱ्याचदा मांसाचा असतो. राजमासारख्या दिसणाऱ्या पास्ता ए फाजोलीतही डुकराची चरबी पडते.

मेस्त्रे स्टेशनजवळ विया पियावेच्या बाजूला बांगलादेशी दुकानं भरपूर. हिरवी मिरची, कोथिंबीर, मसूर, तांदूळ सगळं मिळतं. हॉटेलात किटली असेल तर आईंचं एक वेळचं तिथेच भागेल.

आणि कन्नारेजोत स्त्रादा नोव्हाच्या वाटेवर तेआत्रो इतालिया नावाचं जुनं नाट्यगृह आहे, त्यात आता सुपरमार्केट आहे. छतावर चित्रं, खाली दही आणि केळी. दही घ्यायच्या निमित्ताने बघून या, तिकीट नाही.

---

बापूसाहेब लिहितात:

फीची माहिती अर्धवट होती, ठीक. पण मुद्दा कायम. वस्ती बघायला आलेल्या माणसांमुळेच वस्त्या उठतात. तुम्ही आज इथे कन्नारेजो लिहिलंत, उद्या पन्नास मराठी कुटुंबं तिथे दिसतील.

---

सेन्साकाठची लिहितात:

बापूसाहेब, हे मात्र खोटं नाही. १९५१ च्या सुमाराला बेटांवरच्या जुन्या शहरात १,७५,००० च्या आसपास माणसं राहत होती, आता ५०,००० पेक्षा कमी उरलीत. रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत हा आकडा दिव्यांनी लावलेला असतो. पण ती माणसं एका आजीने चौकात बसून कॉफी घेतली म्हणून गेली नाहीत. माझ्या जिन्यात सहा घरं होती. मी निघाले तेव्हा त्यातली तीन पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने जात होती, आणि मालकाने माझं भाडं वाढवलं ते त्यांच्याकडे बघूनच. म्हणून मी चाकोरीबाहेरांना मेस्त्रेहून हॉटेल हलवा असं सुचवलं नाही. दिवसा या, तिथल्या दुकानात पैसे खर्च करा, झोपायला परत जा. गल्लीत आवाज दोन्ही भिंतींवर आपटून वर जातो, तेवढं मुलीला सांगा. पुलाच्या मध्यावर थांबू नका, उजव्या बाजूने चाला, मागे हातगाडीवाला असतो. बस, यापेक्षा जास्त शिष्टाचार नाहीत.

आता शंका. गमबूट नकोत. खाडीच्या तोंडाशी बसवलेली मोझे नावाची फाटकं २०२० च्या ऑक्टोबरपासून वापरात आहेत, मोठ्या भरतीचा अंदाज आला की ती उचलतात. त्याआधीचं वर्ष वाईट होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. आता फाटकं उचलायची वेळ येण्याआधीचं थोडं पाणी सखल भागात येऊ शकतं, पण तुमच्या वाटेला त्याचा फारसा जाच नाही. धुकं मात्र असेल. आईंना गळ्याभोवती काहीतरी हवंच, तिथली थंडी ओली आहे.

बाथरूम: पालिकेची पैसे घेऊन वापरायची आहेत, एका वेळेला दीड युरो, त्यासाठी सुटी नाणी वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे दर दीड तासाने एका बारमध्ये काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या आणि "बान्यो?" विचारा. बसून घेतलीत तर दर जास्त. पण आईंसाठी बसाच, तिथे काटकसर नको. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, चौकांत नळ वाहत असतात. चौकाच्या मधोमध दगडी कठडे दिसतील ते नळ नाहीत, विहिरी आहेत. त्यांत पावसाचं पाणी वाळूतून गाळून साठायचं. १८८४ मध्ये नळाचं पाणी आलं आणि त्यांवर झाकणं बसली.

आणि तुमच्या तारखा मी आत्ता नीट वाचल्या. ११ नोव्हेंबरला दुपारी पोहोचताय ना? थकला असाल तरी संध्याकाळी चारच्या गाडीने या, मेस्त्रेहून दहा-बारा मिनिटं लागतात. ११ तारखेला सान मार्तीनो या संताचा सण असतो. व्हेनिसची मुलं कागदी मुकुट घालून, घरातली पातेली-झाकणं बडवत दुकानादुकानात गाणं म्हणत जातात आणि गोळ्या-चॉकलेट गोळा करतात. बेकऱ्यांत घोड्यावर बसलेल्या संताच्या आकाराचं मोठं बिस्कीट असतं, वर साखरेची नक्षी आणि रंगीत गोळ्या. बिस्किटात लोणी असतंच, अंडंही असू शकतं, म्हणून ते मुलीला, आईंना नको. त्या दिवशी फिरायचं नाही, गूलिएच्या थांब्यावर उतरून जवळच्या एका चौकात बसायचं. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. सामानात एक स्टीलची ताटली आणि चमचा टाका.

---

चाकोरीबाहेर लिहितात:

ताटली-चमचा ऐकल्यापासून मुलीने घरात सराव सुरू केलाय, शेजारचे येऊन गेले. ११ चं नक्की. ताई, सांता लुचियाहून रात्री मेस्त्रेला परतायला शेवटची गाडी किती वाजता?

---

सेन्साकाठची लिहितात:

रात्री उशिरापर्यंत असतात, वेळ त्या दिवशी स्टेशनच्या फलकावर बघा. गाडी हुकली तर स्टेशनबाहेर पडून उजवीकडचा पूल ओलांडायचा आणि पियात्साले रोमा या चौकातून मेस्त्रेची बस. पण तो पूल उंच आहे, त्यामुळे आईंसाठी गाडीच पकडा.